पुन्हा एकदा सांगाल का

उदगीरच्या मोंढ्यात बावीस वर्षं
माझ्या बोलीवर तूर विकली गेली.
डाळ मिलच्या भोंग्याहून आप्पाचा आवाज वर,
असं हमाल म्हणायचे. खोटं नसावं.

मग लातूरला अर्धी जीभ गेली,
गुटख्याच्या बाजूचे सात दात गेले,
मांडीची कातडी तोंडात आली.
तेहेतीस वेळा शेक.
बरे झालात, डॉक्टर म्हणले,
फाइलवर तारीख टाकून.

आता मी बोलतो तेव्हा
ओल्या पोत्यातून दाणे पडावेत तसे शब्द पडतात,
आणि माणसं मान हलवतात.
हो आप्पा. बरोबर आप्पा.
चहा नको म्हणलं की चहा येतो.
वीरभद्रला विचारलं, पोरगा पास झाला का,
तर म्हणला, हो, पाऊस बराय यंदा.
कुणी खोटं बोलत नाही.
मला दुखवायचं नाही, एवढंच.

सिस्टर रेश्मानं मोबाईलमध्ये टाकून दिली ती बाई.
बाई नाही, यंत्र आहे, नातू म्हणतो.
रोज रात्री आठला पुस्तकी मराठीत विचारते:
आज गिळताना किती त्रास झाला? शून्य ते दहा.

रुमालाखाली बोटं दाबून
ज्यानं लाखाचे सौदे केले,
त्याला आकडा लावणं अवघड नाही.
पण भीतीचा भाव काढायला
त्या काचेवर जागाच नव्हती.
तपासणीच्या आदल्या आठवड्यात
मी सगळ्यालाच नऊ लावले.
दुसऱ्या दिवशी रेश्माचा फोन:
आप्पा, इतकं दुखतंय?
म्हणलो, दुखत नाही.
ती जरा थांबली. म्हणली, मग बोला.

त्या यंत्राशी पहिल्यांदा तोंडानं बोललो तेव्हा
म्हणलो, तोंड वाळलंय.
तिनं लिहिलं, डोंगर हाललाय.
नातू हसून लोळला. मीही हसलो,
म्हणजे हसण्यासारखं जे उरलंय ते.
मग ती म्हणाली,
माफ करा, मला कळलं नाही.
पुन्हा एकदा सांगाल का?

दीड वर्षात
हे वाक्य मला कुणी म्हणलं नव्हतं.

सांगितलं. तिनं लिहिलं, तोंड वाढलंय.
पुन्हा सांगितलं.
चौथ्यांदा बरोबर लिहिलं,
आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा वगैरे,
सिस्टरनं शंभरदा सांगितलेलंच सांगितलं.
उपाय काही नवा नव्हता.

मुलगा म्हणतो, जपून, हे सगळं कुठंतरी साठतं.
साठू दे. फक्त कळावं
माझ्या तोंडातलं हे चाळलेलं धान्य
कुण्या आडतीत पडतं,
आणि मापात कुणी मारत तर नाही ना.

काल लाईट गेली होती. चार्जिंग अठरा टक्के.
अंधारात मी तिला तूर विकली.
एक नंबर लाल तूर, नऊ हजार तीनशे,
नऊ हजार तीनशे एक वार...
पुन्हा एकदा सांगाल का?
नऊ हजार तीनशे.
माफ करा, मला...
नऊ हजार!
गळ्याची शीर ताणली, थुंकी उडाली,
बाहेर ओट्यावरचं कुत्रं उठलं.

मेणबत्तीच्या उजेडात महानंदा
माझी भाकरी दुधात कुस्करत होती.
तिचा हात थांबला.
किती म्हणलाव?

दीड वर्ष मान हलवणारी माझी बायको.

सांगितलं.
साडेनऊच्या खाली देऊ नगा, म्हणली,
आणि वाटी पुढं सरकवली.